टाळू जुळली, आता अक्षरं

प्रिय वहिनी,



ऑपरेशन वाया गेलेलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं मागून. टाळू शिवल्यापासून छकुलीचं दूध नाकातून येणं थांबलं, घास गिळताना ठसका लागणं थांबलं, पोरगी अंगाने भरली. हे सगळं त्या ऑपरेशननेच दिलं. बोलणं मात्र अजून नाकातून येतं, आणि गावातली माणसं तुम्हाला अडवून विचारतात, "एवढं हैदराबादला नेलं, तरी पोट्टी नाकातच काहून बोलते?" या विचारण्यानेच तुम्ही जास्त खचलात, हे तुमच्या आवाजावरून कळलं. म्हणून लिहून पाठवतेय. दादाला सावकाश वाचता येईल, आईला वाचून दाखवता येईल. हे पत्र मासिकात छापायला तुम्ही हो म्हणालात, तेही फार बरं केलंत. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना, आपल्या बेला-जैनदपासून किनवट-पांढरकवड्यापर्यंत, असं लेकरू असलेली घरं आहेत आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. जगात साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू किंवा दोन्ही दुभंगलेलं असतं. आपल्या एका तालुक्यातसुद्धा छकुली एकटी नाही.

आधी आईचं बोलणं. ग्रहणात तुम्ही विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं, हे ती अजून अधूनमधून म्हणते. माझी आई आहे, तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण हे बोलणं थांबायला हवं आणि ते मीच थांबवणार. गर्भात टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे असतात. जीभ खाली सरकली की ते आडवे होतात आणि मधोमध येऊन जुळतात. हे सगळं आठव्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपास होतं. काही बायकांना तोवर आपल्याला दिवस गेलेत हे नीट कळलेलंही नसतं. ते जुळणं कधी राहून जातं, त्यामागे घराण्यातून आलेलं काही असतं, कधी फॉलिक ॲसिडची कमतरता, कधी फिट्सवरची काही औषधं, कधी तंबाखूचा धूर, आणि बहुतेक वेळा नेमकं एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. सूर्यचंद्राचा त्यात हात नाही. विळीचा तर नाहीच नाही.

आता नाकातल्या बोलण्याकडे येते. तोंडाचं छप्पर पुढे कडक असतं, मागे मऊ. उजेडात आरसा धरून "आ" केलंत, तर पडजीभ लोंबते तो मागचा मऊ भाग वर उचलला जाताना तुम्हाला दिसेल. बोलताना तो वर आणि मागे जाऊन घशाच्या भिंतीला टेकतो, नाकाकडची वाट बंद होते आणि श्वास सगळा तोंडात येतो. कपाशीला पाणी देताना एका सरीचं तोंड मातीने नीट दाबलं नाही, तर पाणी नको तिकडे पळतं आणि पाहिजे त्या सरीत जोर राहत नाही. छकुलीच्या तोंडात तेच होतंय. ओठ मिटून "ब" म्हणायला जो श्वास साठायला हवा, तो साठायच्या आतच नाकावाटे निघून जातो.

मग टाळू शिवली ती कशासाठी, असं दादा विचारेल. फाटलेल्या टाळूत तो भाग उचलणारा स्नायूच चुकीच्या दिशेने गेलेला असतो. दोन्ही बाजूंचे धागे मधोमध भेटायच्या ऐवजी पुढे जाऊन कडक टाळूच्या हाडाच्या कडेला चिकटतात. सर्जन ते तिथून सोडवतात, मागे वळवतात आणि एकमेकांना जोडतात. वरचं अस्तर शिवणं त्यामानाने सोपं. हा स्नायू जागेवर आणणं हे खरं नाजूक काम. नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान ते केलं की बहुतेक मुलांची टाळू पुढे नीट काम करते. पण दहापैकी साधारण दोन-तीन मुलांची टाळू शिवूनही आखूडच राहते, किंवा हलते कमी, किंवा व्रण आकसल्याने ताणली जाते. उत्तम हातांनी केलेल्या ऑपरेशननंतरही असं होतं. त्यात सर्जनची चूक शोधायची घाई नको, आणि तुमची तर मुळीच नाही. सर्जनकडे हे घेऊन परत जायचं असतं, एवढंच. पुष्कळ आईबाप "आता पुन्हा काय तोंड दाखवायचं" म्हणून जातच नाहीत. तिथे लेकरांची वर्षं जातात.

आपण शाळेत क ख ग घ ङ पाठ केलं, ते अक्षरांचं कोष्टक किती विचाराने मांडलंय हे मला स्पीच थेरपीच्या कामात पडल्यावर उमगलं. क घशाजवळचा, मग च टाळूचा, मग ट, मग त दातांचा, प ओठांचा. जीभ आणि ओठ आतून बाहेर येत जातात. आणि प्रत्येक ओळीतलं शेवटचं अक्षर नाकाचं: ङ, ञ, ण, न, म. छकुलीला ही शेवटचीच सापडलीत. तिच्या तोंडी "बाबा"चं "मामा" होतं आणि "दादा"चं "नाना" होतं, ते याच कोष्टकानुसार. ओठ बरोबर जागी मिटतात, जीभ बरोबर दाताला लागते. फक्त श्वास नाकात निसटतो आणि त्याच ओळीतलं शेवटचं अक्षर बाहेर पडतं. दादा हाक ऐकून हसतो आणि मग डोळे पुसतो, हे तुम्ही सांगितलंत. त्याला सांगा, पोरगी त्याला बाबाच म्हणतेय.

"काका"चं मात्र वेगळं आहे. फोनवर मी नीट कान देऊन ऐकलं. ती "आ" म्हणते, घशात एक बारीक झटका देते आणि पुन्हा "आ" म्हणते. "क"साठी जिभेचा मागचा भाग वर टेकवावा लागतो. ती तो टेकवतच नाही, खाली स्वरयंत्रापाशी श्वास अडवते. टाळू फाटलेली होती तेव्हा तोंडात श्वास अडवून उपयोगच नव्हता, म्हणून त्या एवढ्याशा जिवाने जिथे अडवता येईल तिथे अडवायला शिकून घेतलं. मला यात तिची हुशारीच दिसते. पण सवय एकदा लागली की टाळू जुळल्यावरही ती आपोआप सुटत नाही.

म्हणजे तिच्या बोलण्यात दोन निराळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपाय निराळे आहेत. या पत्रातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा. टाळू पुरेशी टेकत नसल्याने श्वास नाकातून जात असेल, तर कितीही सराव करून घेतला तरी ती फट भरत नाही. त्यासाठी सर्जनकडेच जावं लागतं. आणि घशात अक्षर तोडायची सवय असेल, तर आणखी दहा ऑपरेशनं केली तरी ती जात नाही. ती शिकवूनच घालवावी लागते. काही मुलांचं तर फक्त "स" आणि "श" नाकातून येतं, बाकी सगळं स्वच्छ. तीही शिकलेली सवयच असते, तिथे ऑपरेशनचं नाव काढायचं कारण नाही. यातलं काय किती आहे हे ठरवायला सर्जन आणि स्पीच थेरपिस्ट दोघांनी एकत्र बसावं लागतं. एकाने म्हणायचं "थेरपी करा" आणि दुसऱ्याने म्हणायचं "आधी ऑपरेशन करा", यात अनेक लेकरं मधल्यामधे लटकतात. याची मला मनापासून चीड आहे.

घरी एक गोष्ट करून बघा. छोटा आरसा थोडा गार करून तिच्या नाकपुड्यांखाली धरा आणि "बाबा, पोळी द्या" म्हणायला सांगा. वाक्य संपायच्या आतच आरसा काढा, नाहीतर नंतरच्या साध्या श्वासानेही तो धुरकटेल. या वाक्यात नाकाचं एकही अक्षर नाही. तरी आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून जातेय. मग हलक्या हाताने तिचं नाक चिमटीत धरा आणि तेच पुन्हा म्हणून घ्या. "बाबा" आता स्वच्छ आलं, तर ओठ आपलं काम करतायत आणि वाट वरची उघडी आहे. नंतर नाक धरूनच "काका, गाडी काढा" म्हणून घ्या. तरीही "क" घशातच तुटला, तर ती सवय. दोन्ही वेळा मोबाइलवर व्हिडिओ काढा, उजेडाकडे तोंड करून, ओठ दिसतील असा. तपासणीत सांगायला लाजणारं पोर घरच्या अंगणात मोकळं बोलतं. तो व्हिडिओ मला फार उपयोगी पडेल. आणि दूध थांबलं असलं तरी पातळ वरण किंवा पाणी कधी नाकातून येतं का तेही बघा. शिवलेल्या जागी कधी बारीक भोक राहतं. मात्र पुढे हिरडीत फट दिसली तर घाबरू नका. ती बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेली असते आणि आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास, सुळे येण्याआधी, तिथे हाड बसवतात.

फुगे फुगवणं आजपासून बंद करा. शंख, बासरी, मेणबत्ती विझवणं, पाण्यात नळीने बुडबुडे काढणं, सगळंच. कोणी तरी प्रेमाने सांगितलं असेल आणि तुम्ही रोज संध्याकाळी इमानाने करून घेता, हे मला ठाऊक आहे. पण फुंकताना टाळू जशी हलते तशी बोलताना हलत नाही. दोन कामांसाठी मेंदूची आज्ञा वेगळी असते. अशा व्यायामांनी बोलणं सुधारत नाही हे आता पुरेसं तपासून झालंय. ज्या पोरीची टाळू टेकतच नाही, तिला फुगा फुगत नाही आणि आपल्याला हेही येत नाही, एवढंच ती शिकते. तेवढा वेळ अक्षरांना द्या.

तो कसा द्यायचा, तेही सांगते. घशात तोडणाऱ्या मुलाला मी सुरुवात कुजबुजीपासून करून देते. कुजबुजताना स्वरयंत्र आवळता येत नाही. ओठ मिटायचे, गाल किंचित फुगले पाहिजेत, आणि मग श्वासासकट सोडायचं. आवाज अजून नाही, फक्त हवा. हाताचा तळवा ओठांसमोर धरला की ती हवा मुलीला स्वतःला लागते. आपल्या भाषेत ख, थ, फ ही अक्षरं आहेत याचा इथे मोठा आधार होतो, कारण त्यांच्यात "ह"चा श्वास आपोआप येतो आणि श्वास वाहत असताना घशाला तोडता येत नाही. खेड्यातला "फ" अजून ओठ मिटून येतो, शहरातल्यासारखा दात लावून नाही; "फळ" शब्द मी म्हणूनच तुमच्या तोंडून तिला ऐकवणार आहे. "प" आधी एकटा, मग "पा", मग "पाटी", मग "पाटी पडली". एकेका पायरीला आठवडे लागतात. बसायचं पाच-दहा मिनिटंच, पण दिवसातून दोन-तीनदा. चहा उकळेपर्यंत, वेणी घालेपर्यंत. तासभर बसवून रडवलं तर दुसऱ्या दिवशी ती बसणार नाही.

त्या दहा मिनिटांबाहेर मात्र तिला टोकू नका. ती सांगत असते कोंबडीने पिल्लं काढली आणि आपण म्हणतो, "नीट म्हण, क म्हण." असं चार वेळा झालं की पोर सांगायचंच सोडतं. तुम्ही फक्त तिचं वाक्य तुमच्या तोंडून नीट म्हणा, "हो का, कोंबडीने पिल्लं काढली!" आणि पुढे विचारा, किती. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावू नका. अंगणवाडीच्या बाईंनाही सांगा, गाण्यात तिला उभी करा, मागे ठेवू नका, आणि बाकी मुलांना एकदाच नीट समजवा की तिच्या तोंडात आतून ऑपरेशन झालंय. मुलं समजून घेतात. मोठ्यांनी चिडवायचे शब्द शिकवले नाहीत म्हणजे झालं.

कान तपासून घेतलेत का? हे बहुतेक वेळा राहून जातं. टाळू ताणणारा स्नायूच कानाची आतली नळीही उघडतो, त्यामुळे दुभंगलेल्या टाळूच्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या पडद्यामागे कधी ना कधी पाणी साठतं. दुखत नाही, कान वाहत नाही, फक्त ऐकू मंद येतं. "प" आणि "त" यातला फरक जिला धड ऐकूच येत नाही, तिने तो म्हणायचा कसा? कान रिम्स रुग्णालयात तपासून होतील, त्यासाठी आदिलाबाद सोडायची गरज नाही. आणि एक कळकळीची सूचना: घसा सारखा धरतो म्हणून कोणी टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड काढायला सांगितलं, तर मला किंवा सर्जनना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. नाकामागची ती ॲडेनॉइडची गाठ अशा मुलांत कधीकधी टाळूला टेकायला आधार देत असते. ती काढली की बोलणं एकदम बिघडू शकतं.

भाषेचं तुम्ही विचारलंत. घरी मराठी, शाळा तेलुगूत घालायची का, बाजारात हिंदी, शेजारी गोंडी. एवढ्या भाषांनी ती गोंधळेल म्हणून घरी तेलुगूच बोला असं कोणी सांगितलंय म्हणे. ऐकू नका. टाळूला भाषा कळत नाही. "प" तेलुगूतही ओठांवरच होतो आणि गोंडीतही. एका भाषेत तो जागेवर बसला की दुसरीत न्यायला फार कष्ट पडत नाहीत. तेलुगू बोलणाऱ्या थेरपिस्टने शिकवलं तरी चालेल, तुम्ही घरी तीच अक्षरं मराठी शब्दांत घोटून घ्या. आजीशी तिने कोणत्या भाषेत बोलायचं हा प्रश्नच नाही. शाळा मराठी माध्यमाची घ्या की तेलुगू, तो निर्णय दादाने तिच्या पुढच्या शिक्षणाकडे बघून करावा, टाळूकडे बघून नाही.

जायचं कुठे? 2013 साली आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक यायला हवं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासायला हवं. दुभंगलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे. जिल्ह्याच्या केंद्रात स्पीच थेरपिस्टची जागाही त्याच योजनेत लिहिलेली आहे. तुमच्या अंगणवाडीत पथक येईल तेव्हा छकुलीला पुढे करा आणि "बोलण्यासाठी" असं कार्डावर लिहून घ्या, नाहीतर "ऑपरेशन झालं" म्हणून तिचं नाव खोडतील. सिकंदराबादला मनोविकासनगरमध्ये अली यावर जंग संस्थेचं केंद्र आहे, वाचा आणि श्रवण यांचंच काम करणारं. म्हैसूरला 1965 पासूनची अखिल भारतीय संस्था आहे, तिथे टाळूच्या मुलांसाठी वेगळा विभाग आहे. पण बेल्याहून म्हैसूरला दर आठवड्याला कोण जाणार? भोरजला हायवेला लागलात की नागपूर हैदराबादपेक्षा जवळ. पहिली तपासणी इथे नागपुरात माझ्याकडे करू, पुढचं बरंचसं शिकवणं व्हिडिओ कॉलवर होतं, आणि चांगलं होतं. तुमच्या घरात रेंज ओट्यावर मिळते, तर ओट्यावर बसू.

फुकट शिबिरांबद्दल दादाने विचारलं होतं. मला त्या कामाबद्दल आदर आहे. पंढरपुरात जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले आणि 1968 पासून भारतात येऊन फुकट ऑपरेशनांची शिबिरं घेत राहिले. 1978 च्या मोटार अपघाताने शरीराची एक बाजू गेली, व्हीलचेअर आली. पुढे कर्करोगाने स्वरयंत्र गेलं आणि यंत्राच्या मदतीने बोलावं लागलं. तरी ते येत राहिले, 2011 मध्ये जाईपर्यंत. 2001 साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्वतःचा आवाज गेलेला माणूस हजारो मुलांचे ओठ शिवत होता, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पण शिबिराची एक मर्यादा कुणाच्याही थोरपणाने ओलांडता येत नाही. ओठ एका सकाळी शिवून होतो, फोटोत दिसतो, आईबाप हसत घरी जातात. टाळू आत असते, फोटोत येत नाही, आणि शिबिराचा तंबू उठल्यावर तीन वर्षांनी ते मूल "काका" कसं म्हणतं हे ऐकायला तिथे कोणी नसतं. देणग्या चेहऱ्याला मिळतात, बोलण्याला मिळत नाहीत. जिल्ह्याच्या गावात पगारी, टिकून राहणारा एक स्पीच थेरपिस्ट असणं, हे मला दहा शिबिरांपेक्षा मोलाचं वाटतं, आणि आपल्या आमदारांनी-कलेक्टरांनी त्यासाठी पैसा मागावा म्हणूनही हे पत्र छापायला देतेय.

दुसरं ऑपरेशन लागेल का, हे मी आज सांगणार नाही. चार-पाच वर्षांचं मूल थोडं सांगितलेलं ऐकतं, तेव्हा नाकातून बारीक कॅमेरा घालून बोलताना टाळू किती टेकते ते प्रत्यक्ष पाहता येतं. फट लहान असेल तर तीच टाळू पुन्हा उघडून स्नायू आणखी मागे घेतात किंवा लांबी वाढवतात. मोठी असेल तर घशाच्या मागच्या भिंतीची एक पट्टी उचलून टाळूला जोडतात, दोन्ही बाजूंनी श्वासाला वाट ठेवून. अशा ऑपरेशननंतर काही मुलं सुरुवातीला घोरतात, हेही माहीत असू द्या. ज्यांना ऑपरेशन नको किंवा झेपत नाही, त्यांना दातांच्या डॉक्टरांकडून टाळूला आधार देणारी प्लेट बनवून मिळते. आणि आधी घशातली सवय थोडी सुटली, तर कॅमेऱ्यात टाळूचं खरं काम दिसतं. म्हणून सराव आजपासूनच, कॅमेऱ्याची वाट बघत बसायचं नाही.

पोळा झाला की वेचणी लागायच्या आत निघा. दादाला एक दिवसाची सुट्टी पुरणार नाही, दोन दिवस काढायला सांगा. येताना ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, कान तपासल्याचा कागद आणि ते दोन्ही व्हिडिओ आणा. आईलाही सोबत घ्या. मी समजावताना ती समोर असली पाहिजे. छकुलीला दिवसभर तीच सांभाळते, "पाटी पडली" शंभरदा म्हणून घ्यायचा धीर आपल्या घरात तिच्याकडेच आहे.

छकुलीला तिच्या आत्याचा पापा.

तुमची,
ताई